ताईचं बसणं आणि उठणं

माझ्या बहिणीने दोन वेळा माझा जीव वाचवला. पहिल्या वेळी नुसती बसून आणि दुसऱ्या वेळी उठून. बसण्या-उठण्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने एकशे बेचाळीस किलो अंगावर घेऊन जमिनीवर बसून दाखवावं आणि मग कुणाचा हात न धरता उठून दाखवावं. मग बोलू आपण.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझं नाक पुसण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे ती वीस वर्षं चादरी धुते. तिथे तिला मालगाडी म्हणायचे. ती आली की दोन टेबलांमधल्या बोळातून बाकीच्यांना बाहेर निघावं लागायचं. ती चिडायची नाही. "रूळ मोकळा करा," म्हणायची आणि पुढे व्हायची. मला ती काडी म्हणते, कारण मी तशी आहे.

अठराव्या वर्षी तिने मला तिथेच लावलं. चादरी मशीनमधून भिजून निघाल्या की पाणी काढायच्या मशीनमध्ये जातात आणि ते पाणी काढायचं मशीन आठवड्यातून एकदा तरी रुसतं. मग हाताने पिळायच्या. दोघींनी दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहायचं. ताई ओरडायची, "पीळ!" की दोघींनी आपापल्या उजवीकडे फिरवायचं. चादरीचा दोर होतो, दोराला गाठी पडायला लागतात, पाणी धो धो खाली येतं, आणि ताई "बास" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्याच दिवशी मी आधी सोडलं. ओल्या चादरीचा पीळ उलटा सुटला, टोक माझ्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. ताईने ओठाला बर्फ लावला आणि विचारलं, "काडे, बास कोण म्हणतं?"

"तू."

"मग माझं ऐकायचं."

माझा नवरा ट्रकचे टायर बदलायच्या दुकानात कामाला होता. दंड असे की टायरची लोखंडी कड तो एका झटक्यात सोडवायचा. लग्नाआधी मला त्या दंडांचं भारी कौतुक होतं. डोळे फुटले होते माझे, दुसरं काय! लग्नानंतर चौथ्या महिन्यात मोजे सापडले नाहीत म्हणून पहिली थप्पड बसली. पुढच्या तीन वर्षांत त्याने माझा एक दात, दोन बरगड्या आणि डावी करंगळी मोडली. आणि प्रत्येक वेळी तो रडला. काय रडायचा मेला! पाय धरायचा, स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा, आणि मी परत जायचे. लोक विचारतात, का जायचीस? मला उत्तर येत नाही आणि ज्यांना येतं असं वाटतं त्यांचा मला राग येतो.

बरगड्या मोडल्या त्या दिवशी मी अनवाणी ताईकडे पळाले. ती दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. दार आत उघडतं, दारामागे अरुंद पॅसेज आहे, आणि कडी अशी की फुंकर मारली तरी निघेल. तो माझ्या मागोमाग जिना चढत होता. ताईने मला आतल्या खोलीत ढकललं, दार लोटलं, आणि दाराला पाठ लावून खाली बसली. बस्स. बाहेरून त्याने लाथा घातल्या, खांदे मारले, शिव्या दिल्या. पहिल्या दणक्याला कडी तुटून पॅसेजमध्ये पडली. वरची फळी फुटली आणि भोकातून त्याचा हात आत आला, ताईचे केस शोधत. ताईने त्या हाताला चावा घेतला, कडकडून. मग बिस्किटाचा पुडा मागितला. दीड तास तो दार फोडत होता आणि दीड तास ती बिस्किटं खात होती. दार बोटभरही हललं नाही. शेवटी तो दमून जिन्यावर बसला आणि रडायला लागला.

तो गेल्यावर ताईला उठवायला मी, शेजारची म्हातारी आणि तिचा मुलगा, असे तिघं लागलो. माझ्या बरगड्या मोडलेल्या, ताईचे गुडघे सुजलेले. दहा मिनिटं आमची ओढाताण चालली होती आणि आम्ही चौघंही हसत होतो. बरगड्यांमुळे हसताना माझा जीव जात होता.

त्यानंतर तो मला ताईच्या घरी मारायला कधी आला नाही. मार खायला मी होतेच त्याच्या घरी, पण फार झालं की पळून जायला एक दार होतं. त्या दाराचं कुलूप म्हणजे ताईचं वजन. मी तशीच जगत होते.

मग ताई लाँड्रीत कोसळली. झोपेत तिचा श्वास थांबायचा, साखर चारशेच्या वर गेली होती, पायावरची जखम भरत नव्हती. पोटाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करून जठर लहान केलं तर जगाल, नाहीतर दोन वर्षं धरा. ताई लगेच हो म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. "नको गं ताई, पोट कापायचं काय, काही झालं तर? आहेस तशी छान आहेस." सगळ्यांना वाटलं, बहिणीची केवढी माया! खरं सांगते, मला ताई जाडच हवी होती. ती बारीक झाली तर माझं दार कोण धरणार, एवढंच डोक्यात होतं. अशी बहीण वैऱ्यालाही मिळू नये.

ऑपरेशन झालं. पोटावर पाच भोकं आणि नळी लटकलेली, आणि त्याच संध्याकाळी नर्सने तिला चालायला लावलं. पलंगापासून दारापर्यंत आणि परत. प्लास्टिकच्या डबीतले तीन चेंडू श्वास ओढून वर न्यायचे. पाणी प्यायचं ते औषधाच्या टोपणाने, पाव तासाला एक टोपण. घाई केली की छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं आणि सगळं बाहेर यायचं. दोन आठवडे नुसतं पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं. मग एक दिवस अर्धं उकडलेलं अंडं ती वीस मिनिटं चावत बसली आणि पोट भरलं म्हणाली. जी बाई लाँड्रीतल्या सगळ्यांचे उरलेले डबे संपवायची ती!

सहा महिने मी तिच्याकडेच राहिले. तिची सेवा करायची म्हणून नवऱ्याने सोडलं, आणि तेही फार गोड बोलून. फोन करायचा आणि आधी विचारायचा, "ताईंचं वजन किती झालं?"

पहिल्यांदा मला वाटलं, काळजी असेल. तिसऱ्या वेळी कळलं, ते दार कधी हलेल याचा हा हिशोब होता. तेव्हापासून मी आधी दहा, पुढे वीस-पंचवीस किलो वाढवून सांगायला लागले. ताई एकशे दहावर आली तेव्हा मी एकशे वीस सांगितलं. तो नुसतं "अच्छा" म्हणायचा.

व्यायाम शिकवायला दवाखान्यातल्या एक बाई होत्या. चष्मेवाल्या, चिपाड, आवाज मात्र हवालदाराचा. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, नुसतं चालायचं. मग खुर्चीवरून हात न लावता उठायचं. पहिल्या दिवशी ताई दोनदा उठली आणि तिसऱ्या वेळी खुर्चीसकट मागे गेली. मग वाळू भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन भिंतीजवळ वर-खाली. पोट सांभाळून, श्वास न कोंडता. तिचे केस मुठी-मुठीने गळत होते, उन्हातही ती स्वेटर घालायची, आणि दंडाची कातडी रिकाम्या अभ्र्यासारखी लोंबत होती. रोज सकाळी घामाघूम होऊन ती मला विचारायची, "कशी दिसते?" आणि मला तिला थोबाडीत मारावीशी वाटायची. कारण ती छान दिसत होती.

आता जे सांगते ते सांगताना अजून लाज वाटते. तिसऱ्या महिन्यात मी तिच्या प्रोटीनच्या पेल्यात मुद्दाम सहा चमचे साखर घातली. ऑपरेशननंतर गोड तिला चालत नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण थोडं थोडं गोड पोटात गेलं तर वजन उतरायचं थांबेल, असं माझ्या नासक्या डोक्यात आलं होतं. अर्ध्या तासात ताईचा चेहरा पांढराफटक पडला, घामाच्या धारा लागल्या, काळीज धडधडायला लागलं. ती कशीबशी बाथरूममध्ये गेली आणि तिथेच लादीवर कोसळली. मला तिला उचलता येईना. ती एक हात नळाला धरून पडून राहिली, ओकत, थरथरत, आणि मी बाजूला बसून तिचं कपाळ पुसत होते. पेला मी आधीच विसळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती व्यायामाच्या बाईंना म्हणाली, "चालायचं पुरे झालं. मला जमिनीवरून उठायला शिकवा."

बाई म्हणाल्या, "अजून महिनाभर थांबा."

"थांबायला वेळ नाही मला."

मला वाटलं, बाथरूममध्ये पडली म्हणून घाबरली असेल. बाईंनी तिला शिकवलं, आधी कूस, मग गुडघा, मग पाऊल, मग वर. कूस, गुडघा, पाऊल, वर! तो हवालदारी आवाज माझ्या स्वप्नात यायचा. ताई घरी रोज पन्नास वेळा ते करायची. पॅसेजमध्ये आडवी व्हायची आणि उठायची. गुडघे सोलवटले. मी म्हणायचे, "बास की गं!" तर म्हणायची, "बास कोण म्हणतं?"

ती लाँड्रीत परत गेली तेव्हा तिला कुणी ओळखलंच नाही. इस्त्रीवाला म्हणाला, "डबे सुटले, नुसतं इंजिन आलं." मी माझ्या घरी परतले. आणि काही महिन्यांनी नवऱ्याने ताईला बाजारात पाहिलं. एक्याऐंशी किलोची ताई. मी त्याला एकशे पाच सांगितलं होतं.

घरी आला तो हसतच. "तू मला खोटं सांगितलंस," म्हणाला. एवढंच. मग पहिला ठोसा कानावर बसला आणि कानात घंटा वाजायला लागली. दुसरा तोंडावर. मी खाली पडले तर केसांना धरून त्याने माझं डोकं पलंगाच्या पायावर आपटलं, एकदा, दोनदा. रक्त डोळ्यात गेलं. एरवी मी रडते, हात जोडते. त्या दिवशी मला दिसलं की हा आज थांबणार नाही. तो टायर सोडवायची लोखंडी टॉमी आणायला दुकानाच्या पिशवीकडे वळला तेवढ्यात मी पळाले.

रविवारची दुपार होती. ताईने नुकतीच चादर धुतली होती, बादलीत भिजलेली चादर पॅसेजमध्येच होती. तिने माझं तोंड पाहिलं. मला आतल्या खोलीच्या उंबऱ्यात ढकललं, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली.

मी ओरडले, "ताई, उठ!" तिला कळेना मी काय म्हणते. वीस वर्षं वजनावर भिस्त ठेवून जगलेली ती. अंगातलं वजन गेलं होतं, सवय गेली नव्हती. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग पहिलीच लाथ बसली आणि दार उघडलं. दाराबरोबर ताई लादीवरून बाजूला सरकली, फडकं सरकतं तशी. तिच्या चेहऱ्यावर मी भीती पाहिली नाही, नुसतं आश्चर्य पाहिलं.

तो आत आला. हातात टॉमी. ताईने बसल्या जागी त्याचा पाय धरला, तर त्याने दुसऱ्या पायाने तिच्या पोटात लाथ घातली, जिथे ती पाच भोकं होती तिथेच. ती दुमडली. त्याने परत घातली. ताई आडवी झाली, तोंडातून आवाजही निघाला नाही.

"पडा आता," तो म्हणाला. "उठवायला क्रेन मागवा."

आणि त्याने तिच्याकडे पाठ केली. इतकी वर्षं तो ताईला ओळखत होता. एकदा खाली गेलेली ताई तीन माणसं आल्याशिवाय उठत नाही, हे त्याला माहीत होतं. तिच्याकडे बघायची त्याला गरजच वाटली नाही. त्याने टॉमी माझ्यावर उगारली. मी हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. दुसऱ्या घावाला तो हात वर नेत होता, आणि त्याच्या काखेखालून मला पॅसेज दिसत होता.

कूस. गुडघा. पाऊल. वर.

तिने कशाला हातही लावला नाही. हात मोकळे नव्हतेच, हातात बादलीतली चादर होती. तिने ती मागून त्याच्या डोक्यावरून टाकली, त्याच्याभोवती एक फेरा घेतला आणि दुसरं टोक माझ्या पायाशी फेकलं. चादरीखालून तो बैलासारखा ओरडत होता. त्याचा उगारलेला हात चादरीतच गळ्याशी अडकला होता.

"पीळ!" ताई ओरडली.

तीन वर्षांत मी त्या माणसावर बोट उगारलं नव्हतं. शप्पथ. पण ती हाक ऐकली आणि मोडलेल्या मनगटासकट माझ्या दोन्ही हातांनी टोक उचललं. आपापल्या उजवीकडे. एक पीळ, दोन पीळ, तीन. त्याच्या अंगावरून पाणी निथळायला लागलं. टॉमी खणकन खाली पडली. मग त्याचा खांदा निखळल्याचा आवाज आला आणि त्याचं ओरडणं किंचाळण्यात गेलं. चौथ्या पिळाला किंचाळणंही थांबलं. तो गुडघ्यांवर आला. चादर ओठांच्या जागी आत-बाहेर होत होती.

"बास," ताई म्हणाली.

मी सोडलं नाही.

"काडे, बास!"

मी आणखी एक पीळ दिला. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. चादरीचं आत-बाहेर होणं थांबलं. ताईने तिचं टोक सोडलं, माझ्यापाशी आली आणि माझी बोटं एकेक करून उघडली. "बास गं बाळा," म्हणाली.

तो मेला नाही. शिट्टी वाजल्यासारखा श्वास आला, मग शेजारी आले, पोलीस आले. माझीही उलटतपासणी झाली, पण माझं तोंड आणि ताईचं पोट बघून फार कुणी ताणलं नाही. तो आत गेला. आता तो बोलतो ते घोगरं बोलतो, असं ऐकलं.

ताईच्या पोटात रक्त साठलं होतं. त्याच डॉक्टरांनी परत उघडलं, शिवलं, आणि शुद्धीवर आल्यावर तिला झाडलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना जड उचलू नका म्हणून? काय उचललंत?"

"काही नाही हो," ताई म्हणाली, "एक पाहुणा होता."

पुन्हा नळी, पुन्हा तीन चेंडू, पुन्हा टोपणाने पाणी. मी एका हाताला प्लास्टर घालून दुसऱ्या हाताने तिला टोपण पाजत होते. तिसऱ्या दिवशी माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. ऑपरेशन करू नको म्हणून रडले ते का, आणि ती सहा चमचे साखर. ती उठून मला हाकलून देईल असं वाटलं. दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

ताईने टोपण माझ्या हातातून घेतलं, हळूहळू प्यायली, आणि म्हणाली, "जीभ कापली नव्हती गं माझी. गोड कळत नाही होय मला?"

"मग प्यायलीस का?"

"पहिला घोट घेतला आणि तुझ्याकडे पाहिलं. तू दाराकडे बघत होतीस. तेव्हा कळलं, तुला कसली भीती आहे ते. म्हटलं, थांबलं वजन तर थांबू दे." तिने टोपण परत माझ्यापुढे धरलं, मी ते भरलं. "बसून दार धरणं आता जमायचं नाही, हे मला बाथरूमच्या लादीवर पडल्या पडल्याच कळलं होतं, ऐनवेळी सवयीने बसले ते वेगळं. मग दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, उठायला शिकवा."